चांगोची चाल

शाळेच्या ओट्यावर त्रेसष्ट बाटल्या होत्या. चपट्या चाळीस, देशीच्या अकरा, बियरच्या सात, खोकल्याच्या औषधाच्या दोन, सॉसची एक, फिनेलची एक आणि एक अशी, की जिचं बूच अजून कोणी फिरवलेलंही नव्हतं.

मीनाबाईंनी आदल्या दिवशी चौथी ते सातवीच्या बेचाळीस मुलांना सांगितलं होतं, "दारूबंदी सप्ताहाच्या नाटकाला लागणार आहेत, घरून येताना एकेक रिकामी बाटली आणा." बोंडारपाड्याची मुलं गृहपाठाच्या बाबतीत एरवी थंडच, पण हा गृहपाठ त्यांनी मनावर घेतला. ज्यांच्या घरी कोणीच पीत नव्हतं अशा चौघांनीसुद्धा, मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून, घरात सापडेल ती बाटली उचलून आणली होती. न उघडलेली बाटली चौथीतल्या ऋतिकची होती. म्हणजे त्याच्या बापाची, धाऊची. "घाईत होतो बाई, बघितलंच नाय," असं ऋतिक म्हणाला, आणि बाईंनी ती तिथल्या तिथं उघडून मोगऱ्याच्या आळ्यात ओतली.

कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या चांगोनं मोगऱ्याकडं हेव्यानं बघितलं.

चांगो खरं तर शेतावर निघाला होता. लवकर येणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं होतं, रानडुकरांनी रात्रीत काय दिवे लावले ते बघायचं होतं. पण शाळेच्या ओट्यावर एवढा माल एका रांगेत मांडलेला बघून त्याचा पाय निघेना. दिवसा तो घेत नसे. दिवस मावळला की घ्यायची, हा त्याचा नेम. वीस वर्षांत त्यानं तो कधी घाईनं सुरू केला नाही आणि कधी चुकवलाही नाही.

आत बाई विचारत होत्या, "दारुड्याचं काम कोण करणार?"

बेचाळीस हात वर झाले.

"ऋतिक, तू ये. करून दाखव."

ऋतिक पुढं आला, चड्डी वर ओढली आणि गवंड्यानं भिंत किती उंच घेऊ विचारावं तशा आवाजात म्हणाला, "कंचा दारुड्या करू, बाई? आमच्या बाबाचा, का चांगोकाकाचा?"

"दारुड्या म्हणजे दारुड्या. त्यात काय फरक?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई सापगावच्या, बी.एस्सी. झालेल्या, हुशार, पण जूनमध्येच नव्यानं आलेल्या. रोज पाचच्या एसटीनं परत जात, त्यामुळे दिवेलागणीनंतरचा बोंडारपाडा त्यांनी बघितलेलाच नव्हता. मुलांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. गावात प्रत्येक पिणाऱ्याची चाल वेगळी. अंधारात समोरून कोण येतंय ते चालीवरूनच ओळखायचं. कोणाला वाट द्यायची आणि कोणाला घरी पोचवायचं हे त्यावरच ठरतं. धाऊकाका डोक्यावर भाताचा भारा घेतल्यासारखा ताठ चालतो. विजेचा खांब आला की थांबतो, रामराम करतो, आणि खांबानं उलट रामराम केल्याशिवाय पुढं सरकत नाही. चांगोकाका चिंबोरीसारखा, म्हणजे खेकड्यासारखा, आडवा चालतो. तीन पावलं डावीकडं, एक मागं. आणि कुत्रं भेटलं की त्याला "अहो" म्हणतो.

बाईंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "आडवी चाल रंगमंचावर चांगली दिसेल. चांगोभाऊंची कर."

"नको बाई, ती जाम अवघड हाय," ऋतिक म्हणाला. "आमचा बाबा सोपा पडतो."

आणि त्यानं धाऊ केला. ओट्याच्या खांबाला असा काही रामराम घातला, की पोरं हसून हसून बाटल्यांवर पडली. "धाऊकाका! धाऊकाका!" असा एकच गलका झाला.

चांगो शेतावर गेला खरा, पण त्याला एकही रानडुकराचा माग दिसला नाही. डोळ्यापुढं दुसरंच काही होतं. वीस वर्षांची तपश्चर्या, आणि पोरं नाव घेतात धाऊचं.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तो जेवायला बसला तेव्हाही तोंड फुगलेलंच होतं. त्याची मुलगी अक्षदा सातवीत होती. नाटक तिनंच लिहिलेलं.

"बाबा, एक भानगड झाली," ती म्हणाली. "शहापूरला स्पर्धा हाय ना, तिथं नियम केलाय. नाटकात एक तरी पालक पायजे. नायतर नाटक घेणारच नाय."

"मग घ्या की कोणतरी."

"कोण येत नाय. जे पीत नाय ते म्हणतात, शहापुरात आमची सोयरीक हाय, तिथं दारुडे म्हणून कुठं उभे करता? आणि जे पितात ते म्हणतात, आमची बदनामी करता काय?"

"मग?"

"धाऊकाका येतो म्हणाला."

चांगोचा घास हातातच राहिला. "धाऊ? अगो, त्याला दोन घोटांत खांब बोलायला लागतो! तो काय दारुड्या? त्याला पिता तरी येतं का धड?"

त्याची बायको गिरजा चुलीपुढून म्हणाली, "अवो, लोकांचे नवरे बांधावरून भांडतात. कशावरून भांडताय ते तरी बघा जरा."

"तू गप गो. इज्जतीचा प्रश्न हाय."

अक्षदा ताटातल्या भाताला बोटानं रेघा ओढत होती. "माइकवर नाव घेणार हायेत," ती म्हणाली. "लेखिका कोण ते. नाटक घेतलं तर." मग जरा थांबून, "तू येशील?"

आता चांगो लेकीच्या शाळेत कधी गेलाच नव्हता असं नाही. मागल्या साली गॅदरिंगला तो गेला होता, नवा सदरा घालून. फक्त दुसऱ्या दिवशी.

"येतो," तो म्हणाला. "धाऊला सांग, घरी बस."

पण धाऊ काही घरी बसणाऱ्यातला नव्हता. मग बाईंनी दोघांनाही पाच वाजता शाळेत बोलावलं. तालमींच्या आठवड्यापुरत्या त्या शेवटच्या गाडीनं जाणार होत्या. फाटकापासून ओट्यापर्यंत त्यांनी फक्कीची सरळ रेघ ओढून ठेवली होती, कबड्डीच्या मैदानाला ओढतात तशी.

"शाळेत पिऊन यायचं नाही," त्या म्हणाल्या. "या रेघेवरून जो सरळ चालत येईल तोच आत. आत आल्यावर मात्र वाकडं चालून दाखवायचं."

धाऊ आला तो वाटेतल्या खांबाला भेटूनच. त्यानं रेघेकडं बघितलं, रेघेला रामराम केला, आणि रेघ सोडून बाकी सगळं अंगण चालून काढलं. असं लवणं, असं सावरणं, असा तोल, की मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईसुद्धा नकळत "वा!" म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं.

"असं कसं बाई?" धाऊ बाहेरून ओरडला. "काम जमतं म्हणून बाहेर? हे कंच्या कायद्यात बसतं?"

चांगो रेघेवरून सुतासारखा चालत आत आला. आजवर शाळेतला कुठलाही पेपर त्यानं इतक्या सहज सोडवला नव्हता.

"छान. आता वाकडं चाला," बाई म्हणाल्या.

चांगो वाकडं चालायला लागला. म्हणजे त्याला तसं वाटलं. तो निघाला तसाच्या तसा सरळ पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला.

"काका, डावीकडं!" पोरं ओरडली. "आडवे व्हा! चिंबोरी! चिंबोरी!"

चांगो आडवा झाला. पण चिंबोरीऐवजी तो पोलीस भरतीतल्या उमेदवारासारखा दिसायला लागला. एक, दोन, तीन, मागं. एक, दोन, तीन, मागं. बाईंनी फळ्यावर बाण काढून आकृती करून दिली. त्यानं काम आणखीच बिघडलं. चांगो दर पावलाला फळ्याकडं बघायला लागला.

"बरं, चाल राहू दे. कुत्र्याचं बघू," बाई म्हणाल्या. दारुड्याचं काम पालकाकडं गेल्यामुळं ऋतिक आता कुत्रा झाला होता. तो रांगत पुढं आला.

"हाड!" चांगो म्हणाला.

"काका, अहो म्हणा."

"कुत्र्याला मी अहो कशाला म्हणीन?"

"म्हणता."

"कधी?"

"रोज!" सगळी शाळा म्हणाली.

"आमच्या मोत्याला तर परवा तुमी विचारलंत, यंदा भात कसं हाय तुमचं?" ऋतिक जमिनीवरूनच म्हणाला.

"मग मोत्या काय बोलला?"

"मोत्या नाय बोलला. पण तुमी म्हणालात, बरं झालं हो, आमचं जरा पडलंय."

चांगो ओट्याच्या कडेला बसला. शेतातलं भात आडवं पडलं होतं ही गोष्ट खरी होती. त्यानं गिरजालासुद्धा सांगितली नव्हती. दिवेलागणीनंतरच्या चांगोला अख्खा गाव ओळखत होता, गावातली कुत्री ओळखत होती. एकट्या चांगोचीच त्याच्याशी कधी गाठ पडली नव्हती.

"दाखव रे मला," तो ऋतिकला म्हणाला. "मी कसा चालतो ते."

ऋतिकनं त्याला जाम अवघड वाटणारी ती चाल, काकासमोर म्हणून, जीव ओतून करून दाखवली. खांदा आधी, मग कंबर, मग पाय आठवल्यासारखा. चांगो बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "पडत कसा नाय रे मी?"

"पडता ना. चिंचेखाली. रोज तिथंच."

त्या रात्री तालीम संपायला उशीर झाला आणि चांगोचा नेम चुकला. दुसऱ्या रात्रीही चुकला. त्याचे हात थरथरायला लागले, झोप उडाली. बाईंनी ते हात बघितले. "बरं वाटत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवून या," त्या म्हणाल्या, आणि मग राहवलं नाही म्हणून, "पण ही थरथर अगदी खरी वाटते हं." केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दोन दिवसांनी थरथर गेली. नाटकाच्या दृष्टीनं ते नुकसानच झालं.

राहिला उपाय एकच, सराव. चांगो सकाळी उठून शेताच्या बांधावर चाल घोटायला लागला. तीन डावीकडं, एक मागं. खांदा, कंबर, पाय. बांधावरून तो भातात पडायचा, उठायचा, परत आरंभ करायचा. वाटेनं जाणाऱ्या बाया डोक्यावरचे हंडे धरून थबकल्या. दुपारपर्यंत बातमी वेशीपर्यंत पोचली : चांगोनं दिवसाची सुरू केली.

एकानं लिंबू आणलं. एकीनं ताक आणलं. एका म्हातारीनं तर त्याला बांधावर गाठून आंब्याच्या लोणच्याची फोडच तोंडात कोंबली. "चोख रे पोरा, उतरंल."

"आजी, मी घेतलेलीच नाय!"

"सगळे असंच म्हणतात. चोख."

गिरजा झाडू घेऊन आली. तिनं आधी त्याचं तोंड हुंगलं, आणि झाडू तिच्या हातातून गळाला. "वासच नाय!" ती किंचाळली. "म्हंजे डोक्यात गेलं!" तिनं तिथल्या तिथं नारळ मागवला, त्याच्यावरून ओवाळला आणि ओढ्यात फेकला. ऋतिकनं तो पुढच्या वळणावर काढून खाल्ला.

"अगो, तालीम करतोय मी. लेकीच्या नाटकाची."

"मग दारू पिणं सोडलंत, आणि न पिता दारुडे झालात? मला एक काय ते धड सांगा!"

मोत्याचीही पंचाईत झाली होती. इतक्या वर्षांची सवय. तो रोज दिवेलागणीला चिंचेखाली येऊन बसायचा, वाट बघायचा, आणि कोणी विचारपूस करीना तसा मान पाडून परत जायचा.

शनिवारी सगळे टेम्पोत बसून शहापूरला निघाले. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. टेम्पोत बेचाळीस मुलं, बाई, चांगो, गिरजा आणि शेवटच्या क्षणी मागून लोंबकळत चढलेला धाऊ. "माझा पोरगा कुत्रा हाय. बघायला नको?" असं त्याचं म्हणणं होतं, आणि मुलांनी सरकून त्याला जागा दिली.

चौदा शाळा होत्या. बोंडारपाड्याचा नंबर नववा. पडद्यामागं अक्षदा हातातला कागद उलटासुलटा करत होती. नाटक तिला पाठ होतं, पण हात गप बसत नव्हते. चांगो कोपऱ्यात फाटका सदरा घालून तीन डावीकडं, एक मागं करत होता. सरळ. अगदी सरळ. आधीच्या शाळेच्या नाटकातला दारुडा, एक डोंबारी दोरावर चालावा तसा डुलत गेला आणि टाळ्या घेऊन आला, ते त्यानं बघितलं होतं.

धाऊनं त्याला बाहीला धरून भिंतीआड ओढलं. कमरेतून चपटी काढली.

"मार एक घोट."

"धाऊ, नको रे."

"येड्या, पिण्यासाठी नाय, कामासाठी. तुझी चाल पोटात हाय, पायात नाय. मी बघितलीय ना तुझी तालीम कुंपणावरून. अरे, तू दारुड्या दिसतच नाय! मास्तर दिसतोस!" धाऊच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "पोरीचं नाटक पडंल तुझ्यामुळं. इथं रेघ नाय, बाई नाय. एक घोट. अशी चाल निघंल, सगळं शहापूर उठून उभं राहील."

चांगोनं चपटी हातात घेतली. धाऊ खोटं बोलत नव्हता. हे पोटात गेलं, की खांदा आपोआप पुढं जाणार, कंबर वळणार, कुत्र्याला अहो आपसूक निघणार. बक्षीस मिळालं तर माइकवर अक्षदाचं नाव दोनदा घेतलं जाणार. त्यानं बूच फिरवलं. वास आला. तोंडाला पाणी सुटलं.

"बाबा!" पडद्याकडून अक्षदाचा दबलेला आवाज आला. "तू कुठंस? आपलं नाव घेतायत!"

चांगोनं बूच परत लावलं आणि चपटी धाऊच्या कमरेत खोवली.

"हे पिऊन मी चांगला दारुड्या होईन रे," तो म्हणाला. "पण मग तिचं नाव कोण ऐकंल? मला उद्या आठवायचं पण नाय."

"अरे पण काम पडंल!"

"पडू दे. पडायची सवय हाय."

माइकवर आवाज झाला, "बोंडारपाडा शाळा सादर करत आहे. लेखिका, कुमारी अक्षदा चांगो भेरे." चांगोनं ते पडद्याला कान लावून ऐकलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. मग पडदा उघडला.

काम पडलंच. पडलं म्हणजे असं पडलं, की शहापुरात कोणी बघितलं नसेल. दारुड्या ठरल्या जागी ताठ चालत आला, जीभ जड करायची विसरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मला फार चढली आहे." कुत्रा भुंकला. दारुड्यानं त्याला आधी "हाड" म्हटलं, मग आठवून "अहो हाड" म्हटलं. बायकोच्या अंगावर हात उगारायचा होता तिथं त्याची मुलगीच बायकोच्या कामात असल्यामुळं त्याचा हात वर गेला तो डोकं खाजवून खाली आला. शेवटी नशेत कोसळायचं होतं. चांगोनं खाली बघितलं, जागा जरा धुळकट वाटली, म्हणून खांद्यावरचं फडकं काढून झटकून अंथरलं, आणि मग त्यावर बेतानं कोसळला. लोक खुर्च्यांवरून घसरले. मीनाबाईंनी डोळ्यांवर हात घेतला होता, पण बोटं फाकवून.

निकालाच्या आधी परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ बोलायला उभे राहिले. कुमारी अक्षदाची भाषा साधी आणि जिवंत आहे, असं ते म्हणाले. कुत्र्याचंही कौतुक झालं. "फक्त पालकाची निवड करताना शाळेनं विचार करायला हवा होता," ते म्हणाले. "या गृहस्थांनी जन्मात दारू पाहिलेली दिसत नाही. ज्यानं दारुडा कधी जवळून बघितलेला नाही, त्याला ही भूमिका देऊ नये."

मागल्या रांगेत धाऊ ताडकन उभा राहिला.

"ओ साहेब!" तो गरजला. "कोणाला बोलताय? आमच्या चांगोनं दारू बघितली नाय? वीस वरसं! वीस वरसं बघतोय मी! गावात या आणि कोणालाही विचारा!"

"कृपया खाली बसा."

"बसत नाय! साक्षीदार आणतो! ही त्याची बायको हाय, हिला विचारा! गिरजावैनी, उठा, सांगा ह्यांना!"

गिरजा पदर तोंडाला लावून हसत होती, तिला उठता येईना. बेचाळीस मुलं एका सुरात ओरडली, "पितात! चांगोकाका पितात!" चांगो पहिल्या रांगेत अक्षदाशेजारी बसला होता. त्यानं मागं वळून धाऊला हातानं खाली बस, खाली बस अशी खूण केली.

सभागृह शांत झाल्यावर गुण वाचून दाखवण्यात आले. बोंडारपाडा : लेखन, दहापैकी आठ. सहकलाकार, दहापैकी सात. पालकाचा अभिनय, दारुड्याची भूमिका, दहापैकी दीड.